‘नो कॉस्ट’ हप्त्याचा हिशेब: तुटपुंज्या कमाईवर महागडा फोन विकताना नेमकं चुकतं कुठे?

हप्ता थकला की वित्त कंपनीने दूरवरून ग्राहकाचा फोन बंद करावा का? रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये कंपन्यांना हा प्रकार थांबवायला सांगितलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये बातमी आली की ग्राहकाची आधी संमती घेऊन हाच प्रकार पुन्हा सुरू करू द्यावा का, याचा विचार चालू आहे. लगेच दोन तट पडले. पैसे थकवले तर फोन बंद होणारच, असं एका बाजूचं म्हणणं. गरिबाच्या हातातला फोन काढून घेणं अमानुष आहे, असं दुसरीचं. पण फोन बंद पडण्याची वेळ येते, तिची पायाभरणी कित्येक महिने आधी दुकानाच्या काउंटरवर झालेली असते. दिवाळी किंवा गुढीपाडव्याची ऑफर, ‘० रुपये व्याज’ असं लिहिलेली पाटी आणि आधार-पॅन दिल्यावर दहा मिनिटांत मंजूर झालेलं कर्ज. बरं-वाईट ठरवायचं तर तिथला व्यवहार आधी समजून घ्यायला हवा.

व्याज नाही, मग पैसे कोण देतं?

वित्त कंपनी स्वतः बँकांकडून आणि रोख्यांमधून पैसा उचलते आणि त्यावर व्याज भरते. तो पैसा ती फुकट वापरायला देऊ शकत नाही. म्हणून ‘नो कॉस्ट’ योजनेत व्याज असतंच, फक्त ते वेगळ्या खिशातून जातं. फोन बनवणारी कंपनी किंवा दुकानदार विक्री वाढावी म्हणून ते व्याज वित्त कंपनीला आधीच देऊन टाकतो. या रकमेला धंद्यात ‘सबव्हेन्शन’ म्हणतात. ही रक्कम फोनच्या छापील किमतीत धरलेली असते. पावभाजीच्या गाडीवर कांदा-लिंबू ‘फुकट’ मिळतं, पण त्याचे पैसे प्लेटमध्ये धरलेलेच असतात आणि कांदा न खाणाराही ते भरतो. इथेही तसंच होतं. घासाघीस न करता पूर्ण रोख रक्कम मोजणारा ग्राहक दुसऱ्याच्या हप्त्याचं व्याज भरून घरी जातो.

रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना स्पष्ट बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, आणि अशा योजनांत व्याज बहुतेक वेळा प्रोसेसिंग फीच्या रूपात लपवलेलं असतं. त्यानंतर पाट्यांवरच्या ‘झिरो परसेंट’ची जागा ‘नो कॉस्ट’ने घेतली.

एका फोनचा हिशेब

समजा फोनवर किंमत आहे ३६,००० रुपये. दुकानातला फायनान्सवाला म्हणतो, ‘बारा-चारची स्कीम आहे.’ याचा अर्थ एकूण बारा हप्ते, त्यातले चार आताच आगाऊ भरायचे. हप्ता ३,००० रुपये. म्हणजे काउंटरवर १२,००० आणि पुढचे आठ महिने दरमहा ३,०००. बेरीज बरोबर ३६,०००. व्याज कुठे दिसत नाही. वर ९९९ रुपये प्रोसेसिंग फी, करासह.

आता तोच फोन शेजारच्या दुकानात रोखीने ३४,५०० ला मिळतो असं धरा. मग फोनची आजची खरी किंमत ३४,५०० झाली. ग्राहकाने पहिल्याच दिवशी १२,९९९ भरले. म्हणजे कंपनीने त्याला प्रत्यक्षात उधार दिले २१,५०१ रुपये, आणि परत घेतले आठ महिन्यांत २४,०००. जादा गेले २,४९९. रक्कम किरकोळ वाटेल, पण हे पैसे वर्षभर वापरायला मिळालेले नाहीत. दर महिन्याला मुद्दल कमी होत आठ महिन्यांत संपलं. त्या हिशेबाने दर निघतो महिन्याला अडीच टक्के, वर्षाला साधारण ३० टक्के.

यात ‘स्क्रीन फुटली तर’ म्हणून १,२०० रुपयांचा विमा न विचारता जोडला, तर उधारीची खरी रक्कम २०,३०१ वर येते आणि दर ४६ टक्क्यांच्या आसपास जातो. विमा निरुपयोगी असतो असं नाही. पण ज्याला आपण विमा घेतलाय हेच ठाऊक नाही, तो दावा करणार कसा? त्याच्यासाठी तो निव्वळ खर्च.

आगाऊ हप्त्यांची मेख इथेच आहे. फीची रक्कम ३६,००० च्या तुलनेत छोटी दिसते, प्रत्यक्षात ती बऱ्याच कमी उधारीवर आणि बऱ्याच कमी मुदतीवर बसते. मुदत जितकी आखूड, तितका ठरावीक फीचा बोजा जड.

क्रेडिट कार्डावर रचना थोडी वेगळी. तिथे बँक नेहमीसारखं व्याज लावते आणि तेवढीच सूट किमतीत आधी दिली जाते. ६०,००० चा फोन १२ महिन्यांसाठी १५ टक्क्यांनी घेतला तर सूट आणि व्याज दोन्ही सुमारे ४,६०० येतात आणि एकमेकांत वळते होतात. मात्र त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे आणखी ८३० रुपयांच्या आसपास. शिवाय प्रोसेसिंग फी.

गरिबाने चांगला फोन घेऊच नये की काय?

या विषयावर बोलायला लागलं की ‘ऋण काढून सण’ ही म्हण कुणीतरी फेकतंच. त्यात एक अहंकार असतो. चैन कशाला म्हणायचं हे ज्याच्याकडे पैसे आहेत तो ठरवतो, आणि ज्याच्याकडे नाहीत त्याने ऐकायचं.

अमेरिकेत १९६५ साली हा वाद एका गाजलेल्या खटल्यात उभा राहिला. विल्यम्स विरुद्ध वॉकर-थॉमस फर्निचर. वॉशिंग्टनमधलं हे दुकान गरीब वस्तीत हप्त्यांवर घरसामान विकायचं. सात मुलांच्या एका आईने १९५७ पासून तिथून वस्तू घेतल्या होत्या. एकूण साधारण १,८०० डॉलरच्या मालापैकी १,४०० डॉलर तिने फेडले होते. १९६२ मध्ये दुकानाने तिला ५१४.९५ डॉलरचा स्टीरिओ विकला. तिला सरकारी मदतीचे महिन्याला २१८ डॉलर मिळत, आणि हे दुकानाला पक्कं माहीत होतं: तो आकडा आणि तिच्या समाजसेवकाचं नाव स्टीरिओच्या करारपत्राच्या मागच्या बाजूलाच लिहिलेलं होतं. कराराच्या बारीक अक्षरांत एक कलम होतं. तिने भरलेला प्रत्येक हप्ता सगळ्या जुन्या-नव्या वस्तूंवर वाटून जमा व्हायचा. त्यामुळे एकही वस्तू पूर्ण फिटत नव्हती. स्टीरिओचा हप्ता थकताच दुकानाने १९५७ पासूनच्या सगळ्या वस्तू परत मागितल्या.

न्यायाधीश स्केली राइट यांनी म्हटलं की करार होतानाच तो इतका एकतर्फी असेल की विवेकाला पटणार नाही, तर न्यायालयाने तो अमलात आणायलाच हवा असं नाही. प्रकरण त्या अंगाने पुन्हा तपासायला खालच्या न्यायालयाकडे गेलं. पण विरोधी मत देणाऱ्या न्यायाधीश डॅनहर यांचा मुद्दाही तितकाच मोलाचा आहे. एकाची चैन ती दुसऱ्याची गरज असू शकते, असं ते म्हणाले. मदतीवर जगणाऱ्या घरातलं धुलाई यंत्र उत्पन्नाचं साधनही होऊ शकतं.

मला दोघांचंही पटतं, आणि त्यात विरोध दिसत नाही. त्या बाईने स्टीरिओ का घेतला, हा प्रश्न दुकानाचा नाही आणि आपलाही नाही. डिलिव्हरी करणाऱ्या मुलाला चांगली बॅटरी आणि जीपीएस लागतं. कॉलेजातल्या मुलीला चारचौघींत मिरवावंसं वाटतं, तेही माणसाचंच वागणं आहे. प्रश्न विकणाऱ्याला विचारायचा. समोरच्याची मिळकत कागदावर लिहून घेतल्यावरही तू किंमत झाकलीस का? त्याला झेपणार नाही हे दिसत असूनही सही घेतलीस का?

‘कोणी जबरदस्ती केली होती का?’

हा सर्वांत नेहमीचा आक्षेप. सज्ञान माणसाने सही केली, विषय संपला. सहीला वजन आहेच, पण दोन गोष्टी धरून. सही करणाऱ्याला किंमत दिसायला हवी, आणि ‘नको’ म्हणायला उसंत मिळायला हवी. काउंटरवर दोन्हींची वानवा असते. करार फोनच्या छोट्या पडद्यावर, बहुधा इंग्रजीत. ओटीपी आला की तो विक्रेत्याला सांगायचा आणि झाली संमती. विक्रेत्याला विक्रीमागे इन्सेंटिव्ह, फायनान्सवाल्याला कर्जामागे. हप्ता फिटला की नाही याच्याशी दोघांचाही पगार बांधलेला नाही. म्हणून ‘महिना तीन हजार’ एवढाच आकडा पुन्हा पुन्हा बोलला जातो, आणि वीस हजारांचा फोन बघायला आलेला माणूस छत्तीस हजारांचा घेऊन जातो.

भारतीय कायदाही सहीला अखेरचा शब्द मानत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘अन्याय्य करार’ अशी व्याख्या आहे. करार मोडल्याने झालेल्या नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लावणं, योग्य तो आकार देऊनही कर्ज मुदतीआधी फेडू न देणं, अशी कलमं त्यात मोडतात. दाद राज्य ग्राहक आयोगाकडे मागता येते.

अठरा हजारांत तीन हजारांचा हप्ता

चाकणच्या कारखान्यात कंत्राटी काम करणाऱ्या माणसाचं घर १८,००० रुपयांवर चालतं असं धरू. खोलीभाडं ५,०००. किराणा, भाजी, दूध, गॅस ६,०००. येणं-जाणं १,५००. गावी आईवडिलांना १,५००. मुलाची शाळा १,०००, वीज आणि रिचार्ज ८००. उरले २,२००, तेही त्या महिन्यात कुणी आजारी पडलं नाही तर. कर्ज देणाऱ्या यंत्रणेला यातलं काही दिसत नाही. तिला दिसतो क्रेडिट स्कोअर, म्हणजे मागची कर्जं वेळेवर फेडली का याचे ३०० ते ९०० मधले गुण. त्यावरून मागे काय झालं ते कळतं, घरात महिनाअखेर काय उरतं ते नाही.

सूक्ष्म कर्जांना, म्हणजे बचत गटांतल्या बायका घेतात तशा कर्जांना, रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ पासून एक मर्यादा घातली आहे. घराचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल तर विनातारण कर्ज देताना घराचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. कर्ज कशासाठी घेतलं याला महत्त्व नाही. पण फोन तारण म्हणून लिहून घेतला की कर्ज विनातारण उरत नाही आणि या व्याख्येबाहेर पडतं. घर तेच, उत्पन्न तेच, शिलाई मशीनसाठी कर्ज घेतलं तर तपासणी आणि महागड्या फोनसाठी घेतलं तर नाही. ही फट बुजवायला हवी.

हप्ता थकण्याचं एक कारण तर निव्वळ तारखेचं असतं. हप्ता बहुधा २ किंवा ५ तारखेला खात्यातून आपोआप कापला जातो. कंत्राटी कामगाराचा पगार जमा होतो ७ ते १० च्या सुमारास. पैसे येणार असतात, पण खातं त्या दिवशी रिकामं असतं. हप्ता परत गेला की वित्त कंपनीचा बाउन्स चार्ज आणि बँकेचा वेगळा. दोन्हीकडे चारशे-पाचशे धरले तर ३,००० च्या हप्त्यावर एका फटक्यात ८०० ते १,००० रुपये. कंपनीने त्याच महिन्यात पुन्हा प्रयत्न केला आणि तोही फसला तर बँकेचा दंड पुन्हा.

‘धोका जास्त, म्हणून व्याज जास्त’

हा आक्षेप खरा आहे. छोट्या कर्जामागचा कागदपत्रांचा आणि वसुलीचा खर्च मोठ्या कर्जाइतकाच येतो, आणि काही पैसे बुडतातच. पण धोक्याची किंमत उघडपणे दरात लावणं आणि ग्राहकाच्या चुकण्यातून कमाई करणं यात फरक आहे. दंडातून चांगली मिळकत होत असेल तर हप्ता चुकूच नये यासाठी धडपड कोण करील? म्हणूनच ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दंड हे उत्पन्न वाढवण्याचं साधन नाही. दंड व्याजदरात मिसळायचा नाही, आणि दंडावर पुन्हा व्याज चढवायचं नाही.

मग उधारीच बंद करावी का?

नको. इंग्लंडमध्ये ब्राइटहाउस नावाची दुकानांची साखळी होती. फ्रिज, टीव्ही, सोफा आठवड्याच्या हप्त्यावर द्यायची, आणि शेवटी वस्तू दुकानातल्या किमतीच्या दुप्पट-तिप्पट पडायची. ग्राहकाला झेपेल का हे नीट न पाहता व्यवहार केल्याबद्दल आणि परत द्यायला हवे होते ते पैसे न दिल्याबद्दल २०१७ मध्ये कंपनीला सुमारे २,४९,००० ग्राहकांना १.४८ कोटी पौंड देणं भाग पडलं. एप्रिल २०१९ पासून तिथल्या वित्तीय नियामकाने मर्यादा घातली की अशा व्यवहारात उधारीचा एकूण आकार वस्तूच्या किमतीहून जास्त असू नये.

आपल्याकडे हे जुनंच आहे. दामदुपटीचा नियम, एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करायचं नाही, हिंदू कायद्यात होता आणि मुंबई प्रांतातली न्यायालयं तो मानत. आज मात्र रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये केरळ आणि गुजरातच्या प्रकरणांत तसं स्पष्ट केलं.

मार्च २०२० मध्ये ब्राइटहाउस बुडाली. तिच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबांना फ्रिज घेण्याचा तो महागडा मार्गही उरला नाही. हे ध्यानात ठेवूनच मर्यादा घालायला हवी. उघड उधारी आटली की माणूस गल्लीतल्या दहा टक्केवाल्याकडे जातो, महिन्याला दहा टक्के. पतपेढीचं कर्ज किंवा भिशी मिळाली तर उत्तमच, पण परगावाहून आलेल्याला तिथे जामीन कोण राहणार?

आणि फोन बंद करणं?

वसुलीचा धाक स्वस्त झाला तर कर्ज स्वस्त होईल, असं कंपन्यांचं म्हणणं. तत्त्वतः शक्य आहे. पण रिक्षावाल्याचा किंवा डिलिव्हरीवाल्याचा फोन बंद केला की हप्ता ज्यातून भरायचा ती कमाईच बंद होते. युपीआय जातं, बँकेचा ओटीपी जातो, म्हणजे पैसे भरायची सोयही जाते. दवाखान्यात फोन लावता येत नाही. दहा मिनिटांत पडद्यावर घेतलेली संमती एवढ्या मोठ्या अधिकाराला पुरेशी आहे असं मला वाटत नाही. परवानगी द्यायचीच तर हप्ता ठरावीक दिवस थकल्यावरच, लेखी सूचनेनंतर, आणि कॉल, युपीआय व कामाचं अ‍ॅप चालू ठेवून. ग्राहकाच्या फोटो-मेसेजना तर हात लागताच कामा नये.

काउंटरवर काय मागायचं

हप्त्याचं नाव काढण्याआधी विचारा, ‘रोखीने शेवटची किंमत किती?’ दोन दुकानांत विचारा. मग हप्त्याची योजना ऐका.

१ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ मुदत कर्जाआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे. हे कर्जाच्या अटींचं छोटं पत्रक, आणि ते तुम्हाला समजेल अशा भाषेत असायला हवं. मराठीत मागा. त्यात एपीआर शोधा, म्हणजे व्याज, फी आणि कर्जासोबत वसूल केलेला विमा धरून येणारा वार्षिक दर. पत्रकात नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जाचं पत्रक किमान तीन कामकाजाचे दिवस वैध राहतं. म्हणजे ते घरी नेऊन विचार करा. ‘ऑफर आत्ताच संपतेय’ हे विक्रेत्याचं बोलणं, कर्जाच्या अटींना ते लागू नाही. क्रेडिट कार्डावरच्या हप्त्यांना मात्र या पत्रकाचं बंधन नाही.

एक गोष्ट पत्रकात येत नाही, ती म्हणजे सोडलेली रोखीची सवलत. वरच्या उदाहरणात फक्त फी धरली तर पत्रकावर साडेअकरा टक्क्यांच्या आसपास दर दिसेल. १,५०० ची सवलत हिशेबात घेतली की तो ३० होतो. पत्रकात ‘या वस्तूची रोखीची किंमत’ अशी एक ओळ सक्तीची केली तर नियमातली सर्वांत मोठी उणीव भरून निघेल.

हप्त्याची तारीख पगारानंतरची मागा. विमा, वॉरंटी, सभासद कार्ड यांतलं काय जोडलंय ते विचारा, नको असेल ते काढायला लावा. कर्ज अ‍ॅपवरून किंवा डिजिटल पद्धतीने घेतलं असेल तर किमान एक दिवसाचा ‘कूलिंग-ऑफ’ काळ असतो. त्या अवधीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन बाहेर पडता येतं, दंड लागत नाही. कंपनी एकदाची वाजवी प्रोसेसिंग फी मात्र ठेवून घेऊ शकते, तीही आधी पत्रकात लिहिली असेल तरच.

हप्ता थकलाच, तर वसुलीवाल्याला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना सांगून बदनामी करणं नियमाबाहेर आहे. कॉलची वेळ आणि नंबर लिहून ठेवा. तक्रार आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी करा आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनामूल्य करता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८. दुकानदाराने फसवलं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. कर्ज फिटल्यावर ‘नो ड्यूज’ पत्र घ्या, आणि महिनाभराने क्रेडिट अहवालात ते खातं बंद दिसतंय का ते पाहा. चारही क्रेडिट माहिती कंपन्यांकडून वर्षाला एक अहवाल फुकट मिळतो.